जुन्या मॅकच्या फ्लॉपी विंडोजवर वाचण्यासाठी सल्ला हवा आहे

प्रश्न

जुन्या मॅकिन्टॉशवर भरलेल्या साडेतीन इंची फ्लॉपी माझ्याकडे आहेत. काही ८०० केच्या (८०० किलोबाइट), काही एचडी (हाय डेन्सिटी). यूएसबी ड्राइव्हमध्ये कोणतीही घातली तरी विंडोज ती फॉरमॅट करायला सुचवते. आतील लेख मला परत हवे आहेत. कोणता मार्ग घ्यावा?

प्रतिसाद १

फॉरमॅटची ती सूचना कृपया कधीही स्वीकारू नका, आणि फ्लॉपी आत घालण्यापूर्वी कोपऱ्यातील सरकपट्टी सरकवून भोक उघडे करा, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही.

तुमच्या दोन प्रकारच्या फ्लॉपींच्या अडचणी अगदी वेगळ्या आहेत. १.४४ एमबीच्या एचडी फ्लॉपीवर मॅकही पीसीप्रमाणेच एमएफएम या लेखन-पद्धतीने लिहितो. विंडोजला अनोळखी असते ती केवळ एचएफएस ही मॅकची फाइल-व्यवस्था. त्यामुळे तुमच्याच यूएसबी ड्राइव्हने संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमधील हुबेहूब प्रत, काढा (लिनक्सवर त्यासाठी डीडी ही कमांड पुरते) आणि ती एचएफएसएक्सप्लोरर या एचएफएस वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा.

८०० केच्या फ्लॉपीवर मात्र जीसीआर या वेगळ्या पद्धतीचे लेखन असते. मॅकचा ड्राइव्ह बाहेरच्या ट्रॅकवर (डिस्कवरील वर्तुळाकार पट्ट्यावर) डिस्क सावकाश फिरवतो व तिथे १२ सेक्टर (माहितीचे तुकडे) बसवतो, तर आत येता येता ते ८ पर्यंत उतरतात. पीसीच्या नेहमीच्या फ्लॉपी कंट्रोलरला (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला) हे लेखन उलगडता येत नाही, म्हणून नुसते सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही. माझी शिफारस ग्रीझवीझलची आहे. हे छोटे सर्किट ३४ पिनांच्या साध्या अंतर्गत पीसी ड्राइव्हला जोडतात. ते डिस्कवरील चुंबकीय बदलांमधील वेळ नोंदवून घेते, आणि त्या नोंदीतून सेक्टर नंतर संगणकावर उलगडता येतात. यूएसबी ड्राइव्ह त्याला चालत नाही. चालू स्थितीतला जुना मॅक हाताशी असेल, तर अर्थात तोही चालेल.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. एक भर घालतो: जुन्या मॅकवरील फाइलला डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क असे दोन भाग असू शकतात, आणि विंडोजवर नुसती फाइल उतरवली की दुसरा भाग बहुधा गळतो. लेखांचा मजकूर सहसा पहिल्या भागात असतो, परंतु प्रोग्राम आणि फाँट यांचे सर्वस्व दुसऱ्यात असू शकते, म्हणून फाइली मिळाल्या तरी मूळ इमेज जपून ठेवा. मॅकराइट किंवा क्लॅरिसवर्क्स या मॅकवरील जुन्या लेखन-प्रोग्राममध्ये लिहिलेले लेख असतील, तर ते आधी लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहा.