डोळे झाकून पीसीए लावणं बंद करा (भांडायला या)

लंबरेषा: डेटा आला की पीसीए (प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिस, बरेच कॉलम थोड्या नव्या दिशांत आटवायची पद्धत) लावायचा, पहिले दहा-वीस कंपोनंट (म्हणजे त्या दिशा) ठेवायचे, बाकी कचऱ्यात. ही सवय मला तरी चुकीची वाटते. पीसीएला एवढंच कळतं की डेटा कुठल्या दिशेला जास्त पसरलाय, पण जास्त पसरलंय म्हणजे कामाचं हे कोणी ठरवलं? टर्क-पेंटलंडचे १९९१ चे आयगनफेसेस (चेहऱ्यांच्या फोटोंना पीसीए लावून माणूस ओळखायची पद्धत) घ्या, फोटोंमधला उजेड बदलता असेल तर सगळ्यात मोठा फरक माणसामाणसातला नसतोच, उजेड डावीकडून की उजवीकडून यातच असतो. म्हणजे पहिल्या कंपोनंटात बसलीये ट्यूबलाइट.

कोपऱ्यावरचा: अजिबात पटलं नाही. लंबप्रक्षेपात (डेटाची काटकोनात पाडलेली सावली) जी चूक उरते ती सबस्पेसला (ठेवलेल्या दिशांनी बनलेल्या पातळीला) काटकोनात असते, म्हणून त्या सबस्पेसमध्ये मूळ व्हेक्टरच्या याहून जवळ जाताच येत नाही, आणि सबस्पेस कुठली घ्यायची ते एकार्ट-यंगच्या प्रमेयाने १९३६ लाच सांगून ठेवलंय. तेवढ्याच डायमेन्शनमध्ये याहून कमी स्क्वेअर एरर (चुकांच्या वर्गांची बेरीज) आणून दाखवा, लिनिअर पद्धतीने. उजेड नडतोय तर पहिले तीन कंपोनंट काढा, लोक काढायचेच.

लंबरेषा: म्हणजे सगळ्यात मोठे तीनच फेकायचे! मग मी वेगळं काय म्हणतोय राव? स्क्वेअर एरर कमी म्हणजे फोटो परत नीट जुळवता येतो, बास. ओळखायचं असेल तर माणसं वेगळी पाडणारी दिशा हवी, १९९७ चे फिशरफेसेस तेच करतात.

कोपऱ्यावरचा: आणि त्यांनी आधी काय लावलं? पीसीएच :) फोटो मोजके, पिक्सेल हजारो, मॅट्रिक्स सिंग्युलर होते (उलटवता येत नाही), दुसरं करणार काय.

रात्रपाळी: फोटोची फाइल लहान करताना जेपेगने ही भानगडच ठेवली नाही बघा. ८×८ चा ब्लॉक, ६४ ठरलेले कोसाइन पॅटर्न, फोटो कुठलाही असो. दर फोटोला वेगळा बेसिस (पॅटर्नचा संच) काढला तर तोही फाइलसोबत पाठवा, मग वाचलं काय? शेजारचे पिक्सेल साधारण सारखेच असतात त्यामुळे डीसीटी (हेच कोसाइन पॅटर्न वापरायची पद्धत) पीसीएच्या अगदी जवळ पोचतो.

लंबरेषा: फोटोत पोचतो. मजकुराचा स्क्रीनशॉट जेपेग करून बघ, अक्षरांभोवती मुंग्या.

तर्री_वेगळी: स्केलिंगचं कोणीच बोलेना? उंची मीटरऐवजी मिलिमीटरमध्ये भरली की व्हेरिअन्स (पसरण्याचं माप) दहा लाख पट, पहिला कंपोनंट म्हणजे नुसती उंची.

कोपऱ्यावरचा: तो दोष लावणाऱ्याचा. कोरिलेशन मॅट्रिक्स वापरा, म्हणजे सगळे कॉलम एका मापावर येतात.

लंबरेषा: म्हणजे कुठल्या कॉलमला किती वजन ते शेवटी आपणच ठरवलं, डेटाने नाही. लेबलं (कुठल्या नोंदीचं उत्तर काय ते) हाताशी असतील तर मी आधी सगळे कॉलम साध्या मॉडेलला देणार, ते अडलं तरच पीसीए.