विज्ञानकथेतला कुणाचा नकार तुमच्या मनात घर करून बसलाय?

कापूरबावडी: काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, कामवाल्या मावशींनी निघताना गेटवर पिशवी उघडून दाखवायची. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला एकदम कॉलेजात वाचलेल्या 'फॅरनहाइट ४५१' मधली म्हातारी आठवली. १९५३ची कादंबरी, त्यात बंबवालेच पुस्तकं जाळत फिरतात. तिच्या पुस्तकांवर रॉकेल ओतून झालंय, ती घराबाहेर पडत नाही आणि काडी स्वतःच ओढते. दुसऱ्या दिवशी त्या बंबवाल्यांतल्या मॉन्टॅगला, म्हणजे कादंबरीच्या नायकाला, कामावर जाववत नाही. तेव्हापासून वाटतं, जुलूम दिसल्यावर नाही म्हणणं हे शौर्य नव्हे, कर्तव्यच. तुमचे अनुभव सांगा, गोष्टीतले, घरातले, कुठलेही.

ट्रान्सहार्बर: रशियन लेखक झाम्यातिनची 'वी' कादंबरी!! काचेची घरं, पडदा ओढायलाही परवाना, माणसांना नावं नाहीत, नंबर. लेखकाच्या स्वतःच्या देशात छापायला १९८८ उजाडलं. आमच्या जुन्या ऑफिसात बाथरूमला जायची वेळ वहीत लिहायची. एका मुलीने साफ नकार दिला, मग आम्ही कुणीच लिहिली नाही. रबाळे आलं, उतरते.

नेरूळची आई: लेक नववीत, 'हंगर गेम्स'ची पारायणं चालू. त्यातली बंडाची तीन बोटांची खूण थायलंडमध्ये २०१४च्या लष्करी उठावानंतर लोकांनी रस्त्यावर केली, तर पोलिसांनी धरलं त्यांना! कुकर झाला, येते.

नौपाडा: विज्ञानकथा नाही, तरी लिहितो. १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून आणीबाणीचा निषेध केला, पुढच्या वर्षी अटक झाली. बाबा हे सांगताना नेहमी ताठ बसायचे.

ट्रान्सहार्बर: नौपाडा, अंगावर काटा आला.

ऐरोली से. ८: मला पूर्ण पटत नाही. घरात आजारी माणूस, डोक्यावर हप्ते, त्याने रोज कुणाकुणाशी भांडायचं? कर्तव्य म्हटलं की ज्याला जमत नाही तो गुन्हेगार ठरतो.

कापूरबावडी: ऐरोली, म्हणून तर मला 'फॅरनहाइट'मधला फॅबर जवळचा वाटतो. म्हातारा प्राध्यापक, बोलायच्या वेळी गप्प बसला, ते त्याला आयुष्यभर खातं. पण मॉन्टॅग दारात आल्यावर त्याला घरात घेतो, पुढे कानातल्या यंत्रातून सोबत करतो. ज्याला जेवढं झेपेल तेवढं.

ऐरोली से. ८: हे मान्य. माझे वडील अंथरुणाला आहेत, म्हणून लिहिलं.

नेरूळची आई: काळजी घ्या हो. रात्री सोबतीला कुणी आहे का? आमच्याकडे एक चांगला वॉर्डबॉय यायचा, नंबर मेसेज करते.

नौपाडा: मीटिंगचं पुढे काय झालं ते राहिलंच!

कापूरबावडी: मी विरोध केला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, आधी आमच्या पिशव्या तपासा. ठराव पुढच्या महिन्यावर ढकललाय.

नेरूळची आई: आजींना नमस्कार सांगा. आणि लेकीसाठी 'फॅरनहाइट' मिळेल का? शनिवारी गडकरीला नाटकाला येतोय.

कापूरबावडी: घेऊन येते. पानं सुटलीयत, तेवढं सांभाळून वाचायला सांगा तिला.