शोकाच्या काळात विपश्यनेचा आधार मिळतो का?

प्रश्न: दीड वर्षापूर्वी पती गेले. दिवस कामात निघून जातो, परंतु पहाटे जाग आली की छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना ध्यान केंद्रातील १० दिवसांचे शिबिर करावे का?

उत्तर १: ताई, मुलगा गेल्यानंतर मी तिथे गेलो होतो. पहिले तीन दिवस केवळ श्वासाकडे पाहायचे असते आणि चौथ्या दिवसापासून शरीरातील संवेदना, त्या सुखद असोत वा दुःखद, प्रतिक्रिया न देता न्याहाळायच्या असतात. सहाव्या दिवशी मी खूप रडलो. दुःख संपले नाही; मात्र ते येते आणि ओसरते, हे अंगानेच कळले. पुढे सेवक म्हणून शिबिरार्थींना जेवण वाढताना जगण्याला पुन्हा कारण मिळाले.

उत्तर २: ही शिबिरे सुरू करणारे आचार्य सत्यनारायण गोएंका स्वतः अर्धशिशीने त्रस्त होऊन १९५५ साली रंगूनला विपश्यनेचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. तरीही औषधे चालू असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला आणि अर्जात तसे स्पष्ट लिहा, कारण शिबिरात इतके दिवस मौन पाळणे प्रत्येकाला त्या घडीला झेपतेच असे नाही.

प्रश्नकर्ती: झोपेच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारते. दादा, जेवण वाढण्याविषयी आपण लिहिलेले मी पुन्हा पुन्हा वाचले.