'सहक्षेपण' : रिलेसाठी हाच शब्द वापरावा का?

ऐरोलीकर :
ठाण्यात दर रविवारी डिप्लोमाच्या मुलांना मी बिनतारी संदेशवहन मराठीतून शिकवते. या वेळी रिलेचा धडा होता. उदाहरण घराजवळचंच घेतलं. एक फोन शीळफाट्याला, दुसरा महापेला, मध्ये पारसिकचा डोंगर. थेट सिग्नल जेमतेम पोचतो. डोंगरावर तिसरा यंत्रसंच ठेवला तर तो अलीकडचं ऐकून पलीकडे सांगतो. फळ्यावर मी 'सहक्षेपण' लिहिलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, यात 'सह' कोण? तो तर एकटाच पुढे पाठवतोय." मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. हा शब्द बरोबर आहे का? नसेल तर कोणता घ्यावा?

जुना श्रोता :
शब्द आकाशवाणीमुळे रुळला. पुणे केंद्राच्या मराठी बातम्या राज्यातली इतर केंद्रं 'सहक्षेपित' करतात, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिथे 'सह' म्हणजे त्याच वेळी. मूळ केंद्र बोलतंय आणि त्याच क्षणी आपलं केंद्रही तेच बोलतंय. तुमचा डोंगरावरचा संच आधी ऐकणार, मग बोलणार. म्हणजे 'त्याच वेळी' हा अर्थ तिथे लागू पडत नाही. माझं मत विचाराल तर साधं 'पुढे पाठवणे' म्हणा. सरकारी भाषेत 'अग्रेषण' आहे, पण ते पत्राला शोभतं.

समीकरण :
जुना श्रोता काका, वेळेबद्दल तुमचं बरोबर आहे. साधा रिले ज्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो त्याच फ्रिक्वेन्सीवर त्याच क्षणी बोलू शकत नाही, कारण स्वतःच्याच आवाजात समोरचा क्षीण आवाज बुडून जातो. म्हणून अर्धा वेळ ऐकणं, अर्धा वेळ सांगणं. पण 'सह' नेहमी वेळेचाच असतो असं नाही. सहभोजनात सगळे एकाच वेळी जेवतात, मात्र सहलेखक एकाच वेळी लिहीत नाहीत. एकाने जानेवारीत लिहिलं, दुसऱ्याने जूनमध्ये, तरी पुस्तक एक. महापेचा फोन शीळफाट्याचा क्षीण सिग्नल आणि डोंगरावरून आलेला सिग्नल असे दोन्ही जपून ठेवत असेल आणि दोघांची गोळाबेरीज करून संदेश ओळखत असेल, तर मूळ फोन आणि रिले हे त्या संदेशाचे सहलेखकच झाले. तिथे 'सहक्षेपण' चपखल बसतो. थेट आलेलं सोडून देऊन फक्त डोंगराचं ऐकलं, तर त्यात 'सह' काही उरत नाही.

ऐरोलीकर :
हे फार उपयोगी पडलं! म्हणजे शब्द पाठवणाऱ्यावरून नाही, ऐकणाऱ्यावरून ठरतो. आता दुसरी अडचण. रिले तीन तऱ्हांनी काम करतो : ऐकलेलं वाढवून पाठवणे, उकलून पाठवणे, आवळून पाठवणे. पुस्तकी वळणाने विवर्धन, विसंकेतन, संपीडन. मुलं पाठ करतात, पण तिसरी तऱ्हा कोणालाच कळत नाही.

कळवा नाका :
मी गणितातला नाही, पण ठाण्याहून वाशीच्या बसने रोज जातो. गर्दीत कंडक्टर पुढे अडकलेला असतो आणि मागच्या दारातला माणूस ओरडतो, "रबाळे एक!" नोट हातोहात पुढे जाते, पण गावाचं नाव इंजिनाच्या घरघरीत हरवतं. मधला एक जण जे कानावर आलं ते तसंच मोठ्याने ओरडतो. त्याला काही समजलेलं नसतं. रबाळेही मोठं होतं आणि घरघरही मोठी होते. दुसरा आधी नीट समजून घेतो आणि स्वच्छ सांगतो, "रबाळे एक." पण त्याची समजण्यात चूक झाली तर तो तितक्याच स्वच्छपणे "तळवली एक" सांगतो आणि तिकीट चुकीचं फाटतं. तुमच्या पहिल्या दोन तऱ्हा ह्याच ना? तिसरीला मात्र बसमध्ये माणूस सापडत नाही.

समीकरण :
सापडतो! तिसऱ्याला पूर्ण नाव कळलेलं नाही. तो प्रामाणिकपणे एवढंच सांगतो, "'र'वरून काहीतरी आहे." एरवी हा निरोप बिनकामाचा. पण कंडक्टरने स्वतः मागून शेवटचं "...ळे" ऐकलेलं आहे. दोन्ही जुळवले की रबाळे! मधल्याने उकल केलीच नाही, आपल्या ऐकण्याचा गोषवारा दिला आणि उकल कंडक्टरवर सोपवली. आवळून पाठवणे ते हेच. यासाठी 'गोषवारा पाठवणे' म्हटलं तर मुलांना लगेच कळेल, आणि 'संपीडन'पेक्षा नेमकंही आहे. फाइल दाबून लहान करतो तसलं हे काम नाही, ऐकणाऱ्याकडे आधीच काय आहे याचा अंदाज घेऊन उरलेलं देणं आहे.

यातली कोणती तऱ्हा सर्वांत चांगली, याला सरसकट उत्तर नाही. रिले मूळ फोनच्या जवळ असेल तर त्याला नीट ऐकू येतं, तेव्हा उकलून पाठवणं सरस. ऐकणाऱ्याच्या जवळ असेल तर बहुधा गोषवारा सरस. मूळ फोन, रिले आणि ऐकणारा या तिघांचा हा प्रश्न माहिती-सिद्धांताचे अभ्यासक व्हॅन डर म्यूलेन यांनी १९७१ मध्ये मांडला, त्याच विषयातल्या कव्हर आणि एल गमाल यांनी १९७९ मध्ये उकल आणि गोषवारा या दोन्ही वाटांचं गणित दिलं. तरीही फक्त तिघांच्या या जाळ्यात जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक पाठवता येते, हे सर्वसाधारण रूपात आजही सुटलेलं नाही. मला या विषयाची ओढ आहे ती यामुळेच. एवढंसं चित्र, तीन ठिपके, आणि उत्तर अजून हाती नाही.

जुना श्रोता :
वरची मर्यादा तरी ठाऊक आहे का?

समीकरण :
हो. तिला मी 'कापमर्यादा' म्हणतो. नकाशावर खाडीच्या रेषेने मुंबई आणि नवी मुंबई वेगळी कापा. कळव्याचा पूल, ऐरोलीचा पूल, वाशीचे पूल, रेल्वेचे पूल, २०२४ पासून अटल सेतू, जे जे ही रेष ओलांडतं त्या सगळ्यांची मिळून जेवढी क्षमता, त्याहून जास्त माणसं तासाभरात पलीकडे जाणार नाहीत. अलीकडचे रस्ते कितीही रुंद करा. रिलेच्या चित्रात असे दोन काप पडतात. एक मूळ फोनला बाकी दोघांपासून तोडणारा, दुसरा ऐकणाऱ्याला बाकी दोघांपासून तोडणारा. दोहोंतला जो अरुंद, त्याच्यापुढे जाता येत नाही. प्रश्न एवढाच आहे की तिथपर्यंत तरी दर वेळी पोचता येतं का.

ऐरोलीकर :
'कापमर्यादा' घेतला. वर्गात फायदा सांगताना मी असं म्हटलं होतं : थेट वाट शंभरात एकदा बुडते, रिलेची वाटही शंभरात एकदा बुडते, दोन्ही एकाच वेळी बुडणं दहा हजारांत एकदा. ठीक आहे ना?

समीकरण :
ताई, थोडी दुरुस्ती. रिलेच्या वाटेला दोन टप्पे आहेत आणि त्यातला कोणताही बुडू शकतो. प्रत्येक टप्पा शंभरात एकदा बुडत असेल तर ती वाट शंभरात जवळजवळ दोनदा बुडते. म्हणून दहा हजारांत दोनदा म्हणा. तेही तिन्ही दुवे एकमेकांपासून स्वतंत्रपणे बुडत असतील तरच. आणि रिलेचा अर्धा वेळ ऐकण्यात जातो, ही किंमतही मुलांना सांगा. उलट बाजूला वीज वाचते. शहरात अंतर दुप्पट झालं की सिग्नल सोळा पटीने क्षीण होतो असं धरलं, तर निम्म्या अंतराच्या दोन उड्यांना मिळून मूळ शक्तीचा आठवा हिस्साच पुरतो. अर्थात प्रत्येक उडीला वेळ निम्मा मिळतो, तेव्हा तेवढीच माहिती दुप्पट वेगाने न्यावी लागते आणि बचत तेवढी कमी होते.

कळवा नाका :
अशा कितीतरी उड्या एकामागून एक असतील तर? आमच्या आजीचा शब्द आहे, 'कर्णोपकर्णी'.

जुना श्रोता :
वा! पण 'कर्णोपकर्णी' आलेल्या बातमीवर कोणी भरवसा ठेवत नाही. वाढवून पाठवणाऱ्यांच्या साखळीलाच तो शोभेल, कारण तिथे दर कानाला घरघर वाढत जाते. उकलून पाठवणाऱ्यांना 'हातोहात' म्हणा.

ऐरोलीकर :
येत्या रविवारी फळ्यावर हे लिहिणार आहे. नुसतं पुढे पाठवणं ते 'निरोप पोचवणे'. ऐकणारा दोन्ही वाटांची बेरीज करतो तेव्हा 'सहक्षेपण'. तऱ्हा तीन : वाढवून, उकलून, गोषवारा देऊन. आता त्या डोंगरावरच्या संचालाच नाव हवं. 'सहक्षेपक' म्हणू की 'निरोप्या'?

जुना श्रोता :
शीळफाट्याचा थेट आवाज महापेला ऐकूच येत नसेल, तर 'निरोप्या'. थोडासा जरी येत असेल आणि पलीकडचा तो कानाआड करत नसेल, तर 'सहक्षेपक'. त्या मुलीलाच ठरवू द्या, प्रश्न तिचा आहे.