पंचायती राज समितीपुढच्या आक्षेपांचं पुढे काय होतं?

मदत हवी आहे. विधिमंडळाची पंचायती राज समिती मागे आमच्या जिल्हा परिषदेत येऊन गेली. ती येणार म्हटल्यावर शाळा रंगल्या, अंगणवाडीतले वजनकाटेसुद्धा दुरुस्त झाले! लेखापरीक्षा अहवालातल्या आक्षेपांवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्षही झाली. पण आमच्या तालुक्यातल्या पाणीयोजनेवर आक्षेप घेणाऱ्या, त्या अहवालातल्या परिच्छेदाचं पुढे काय झालं, कोणी सांगत नाही. माहिती अधिकारात अर्ज केला, तर विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचं कारण देऊन फेटाळला. साक्ष गोपनीय, हे एक वेळ समजू शकतो. पण मूळ लेखाआक्षेप आणि त्यावरचं अनुपालन (म्हणजे आक्षेपाला दिलेलं उत्तर आणि केलेली कार्यवाही) हे जिल्हा परिषदेचंच दप्तर ना? तेवढंच वेगळं मागितलं तर मिळेल का? कोणी मिळवलं असेल, तर अर्जात नेमकं काय लिहिलं होतं ते कृपया सांगा.