अॅडमिन पासवर्डशिवाय ऑफिसचा नेटवर्क प्रिंटर कसा जोडायचा?

लेखाशाखा_कराड:
कॉलेजच्या अकाउंट्स विभागात आम्ही तिघी. सर्व्हरवरून शेअर केलेला एकच मोठा लेझर प्रिंटर, फीच्या पावत्यांपासून पगारपत्रकांपर्यंत सगळं त्यावरच. दोन जुन्या मशिनवर तो व्यवस्थित चालतो. मला नुकताच विंडोज ११ चा नवा पीसी मिळाला. नेटवर्कचं काम बघणारे सर आले, स्वतःच्या लॉगिनने प्रिंटर जोडला, टेस्ट पेज काढून दाखवलं आणि गेले. मी माझ्या लॉगिनने बसले तर यादीत प्रिंटरच नाही! सर्व्हरवर जाऊन त्याच्यावर डबल क्लिक केलं की ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचा का असं विचारतं आणि 'हो' म्हटलं की अॅडमिनचा पासवर्ड मागतं. सध्या फाइल पेनड्राइव्हवर घेऊन शेजारच्या टेबलावर जाते. सगळ्यांचे पगार असे पेनड्राइव्हवर फिरवणं मला अजिबात पटत नाही. सर फोनवर म्हणाले, 'तुमच्या लॉगिनला अॅडमिनच करून टाकतो.' करू द्यावं का?

टोनर_संपला:
अॅडमिन कशाला? रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) 'रिस्ट्रिक्ट ड्रायव्हर इन्स्टॉलेशन टू अॅडमिनिस्ट्रेटर्स'ची किंमत शून्य करायला सांगा. दोन मिनिटांचं काम.

सर्व्हररूम:
ताई, दोन्ही करू देऊ नका.

ती किंमत १ आहे त्यामागे कारण आहे. विंडोजमधली प्रिंट स्पूलर ही छपाईची कामं रांगेत लावणारी सेवा सिस्टमच्या, म्हणजे मशिनवरच्या सर्वोच्च अधिकाराने चालते. प्रिंटरचा ड्रायव्हर तिच्यात लोड होतो, म्हणजे ड्रायव्हरच्या वेशात भलतंच काही आलं तर सगळं मशिन त्याच्या ताब्यात. जुलै २०२१ मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलेली त्रुटी स्पूलरमधलीच. त्यानंतर १० ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने सर्व्हरवरून ड्रायव्हर उतरवण्याचा हक्क फक्त अॅडमिनपुरता ठेवला. शून्य केलं की ते दार पुन्हा उघडं. पगाराच्या मशिनवर तर नकोच.

आता तुमचा प्रश्न. सरांनी जोडलेला प्रिंटर तुम्हाला दिसत नाही, कारण शेअर केलेल्या प्रिंटरची जोडणी लॉगिनपुरती असते. ड्रायव्हर मात्र सगळ्या मशिनसाठी एकच. तो एकदा बसला की साध्या लॉगिनलाही पासवर्ड न मागता प्रिंटर जोडता यायला हवा. तुम्हाला तरीही मागतोय, म्हणून माझा संशय व्हर्जनवर आहे: सर्व्हरवरचा ड्रायव्हर एक आणि सरांनी टाकलेला दुसरा. असा फरक असला की विंडोज सर्व्हरवरचा ड्रायव्हर आणायला बघतं आणि तिथेच अडवतं.

हे तुम्हाला स्वतः बघता येईल, अॅडमिन लागत नाही. सेटिंग्जमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स', खाली 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज', त्यात 'ड्रायव्हर्स' टॅब. तुमच्या प्रिंटरचं नाव निवडून 'प्रॉपर्टीज' दाबलं की फाइलींची यादी येते, तिथे व्हर्जन मिळेल. तेच सर्व्हरवर सरांना बघायला सांगा आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवा.

टोनर_संपला:
आमच्या छोट्या ऑफिसात डोमेन (सगळ्यांची लॉगिन एका सर्व्हरवरून सांभाळायची सोय) नाही, एका पीसीवरून शेअर केलाय. तिथे ११बी एरर येतो. तोही यामुळेच का?

सर्व्हररूम:
नाही, तो वेगळा. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने क्लायंट (प्रिंट पाठवणारा पीसी) आणि सर्व्हर (प्रिंटर शेअर करणारा) यांच्यातल्या प्रिंटिंगच्या संवादाला एन्क्रिप्शन सक्तीचं केलं. एक बाजू अपडेट झालेली आणि दुसरी मागे राहिलेली असली की तिथे अडकतं. दोन्हीकडची अपडेट्स पूर्ण करा. अपडेट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका.

लेखाशाखा_कराड:
व्हर्जन खरंच वेगळी निघाली! सरांनी कंपनीच्या साइटवरचा नवा ड्रायव्हर टाकला होता, सर्व्हरवर जुना आहे. आज त्यांनी सर्व्हरवर आहे त्याच व्हर्जनचं पॅकेज माझ्या पीसीवर बसवलं. मग मी माझ्या लॉगिनने डबल क्लिक केलं आणि काही न विचारता प्रिंटर जोडला गेला. पगारपत्रकं माझ्याच टेबलावरून काढली. मनापासून आभार, दादा. सर आता सर्व्हरवरही नवा ड्रायव्हर टाकायचा म्हणतायत. चालेल ना?

सर्व्हररूम:
चालेल, पण क्रम सांभाळायला सांगा. आधी तिन्ही पीसींवर अॅडमिनने नवा ड्रायव्हर बसवायचा, मग सर्व्हरवर. उलटं केलं तर तिघींकडेही पासवर्डची खिडकी येईल. आणि प्रत्येक लॉगिनला हाताने जोडत बसू नका म्हणावं. प्रिंटयूआय या विंडोजमधल्या प्रिंटर जोडायच्या कमांडच्या 'जीए' पर्यायाने प्रिंटर सगळ्या मशिनसाठी जोडता येतो. त्यानंतर स्पूलर रिस्टार्ट करायचा, म्हणजे बदलीवर आलेल्या माणसालाही पहिल्या लॉगिनपासून प्रिंटर दिसेल. हे सगळं पगाराच्या आठवड्यात मात्र नको.