मदत हवी आहे: नॅसकारची रेस जिंकलेली जॅग्वार, लिंडेन १९५४

नमस्कार मंडळी, इथे गाड्यांचे दर्दी बरेच आहेत म्हणून धागा काढतोय. आमच्या न्यू जर्सीतल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय, विषय आहे लिंडेन एअरपोर्टवर १३ जून १९५४ ला झालेली नॅसकारची रेस. एडिसन-इझलिनकडची आपली मंडळी रूट वनवरून कायम जातात येतात, लिंडेनला रस्त्यालगत ते छोट्या विमानांचं एअरपोर्ट दिसतं, त्याच्या धावपट्ट्यांवर एका ब्रिटिश स्पोर्ट्स कारने भल्याभल्या अमेरिकन गाड्यांना मागे टाकलं होतं हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असेल?

ज्यांना नॅसकारचं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, नॅसकार म्हणजे अमेरिकेत कार रेस भरवणारी संस्था. त्या काळी शोरूममध्ये मिळणाऱ्या अमेरिकन गाड्या, म्हणजे हडसन, ओल्ड्समोबिल वगैरे, घेऊन पोरं बहुतेक मातीच्या ओव्हल ट्रॅकवर गरगर पळवायची, वळण कायम डावीकडेच. लिंडेनला मात्र धावपट्ट्या जोडून दोन मैलांचा रोड कोर्स, म्हणजे रस्त्यासारखा डाव्या-उजव्या वळणांचा मार्ग, आखला, ५० फेऱ्या, १०० मैल. नॅसकारच्या सगळ्यात वरच्या सिरीजची रोड कोर्सवरची ही पहिलीच रेस आणि परदेशी गाड्यांनाही दार उघडं. त्यामुळे जॅग्वार, एमजी, पोर्शे अशी भलतीच मंडळी हडसनच्या शेजारी रांगेत उभी राहिली! आणि जिंकला अल केलर, जॅग्वार एक्सके १२० घेऊन, सरासरी ताशी सुमारे ७७ मैल. गाडीचा मालक पॉल व्हाइटमन, तोच तो बँडवाला ज्याला किंग ऑफ जॅझ म्हणायचे. दुसरा नंबर जो युबँक्स या ड्रायव्हरचा, हडसनमध्ये.

यानंतर परदेशी कंपनीची गाडी या सिरीजमध्ये जिंकली ती थेट मार्च २००८ ला अटलांटात, काइल बुशची टोयोटा. मध्ये जवळजवळ ५४ वर्षं. आणि मला विचाराल तर ती तुलनाही बरोबर नाही, कारण टोयोटाची ती गाडी नावाला कॅमरी, आतून अख्खी रेससाठीच बांधलेली. केलरची जॅग्वार इंग्लंडहून आलेली, दुकानात मिळायची तीच जात.

आता अडचण अशी की आमच्या संपादक ताई म्हणतात, "छान गंमत आहे, पण एका दिवसाचा योगायोग, चौकटीत टाकू." मला हे अजिबात पटत नाही. केलर त्याच वर्षी जॉर्जियातल्या सव्हानाला हडसन घेऊन जिंकला होता, पुढे १९६१ मध्ये इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या रेसमध्ये पाचवा आला, म्हणजे माणूस कसलेला होता. पण गाडी का जिंकली हे मला इंजिनिअरच्या भाषेत न जाता नीट मांडायचंय आणि तिथेच गाडी अडलीये. कोणी समजावून सांगेल का? आणि अंकात छापायला त्या रेसचे जुने फोटो कुठून, कोणाची परवानगी घेऊन मिळवायचे? अंक प्रेसला जायची वेळ जवळ आलीये, प्लीज लवकर कळवा.

प्रतिसाद:
विषय एकदम भारी घेतलात, चौकटीत अजिबात घालू नका. एक सांगतो, हडसन हॉर्नेटला लेखात हलकं लेखू नका हं, १९५२ मध्ये तिने ३४ पैकी २७ रेस मारल्या होत्या. पाच लिटरचं इंजिन, बसकी बॉडी, ओव्हलवर ती खरंच राणी होती. पण ओव्हलवर एकदा वेग धरला की तो टिकवायचा असतो. एअरपोर्टवर तसं चालत नाही, लांब धावपट्टीवर सुसाट यायचं, टोकाला जोरात ब्रेक मारून गिअर खाली आणायचा, कडक वळण घ्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून वेग घ्यायचा, प्रत्येक फेरीत हेच, आणि वळणं उजवीकडेही. हॉर्नेट दीड टनाच्या वर, जॅग्वार बरीच हलकी. हडसनला तीन गिअर, जॅग्वारला चार, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना योग्य गिअर हाताशी. इंजिन ३.४ लिटरचंच पण डबल ओव्हरहेड कॅमवालं, म्हणजे झडपा वरून चालवणारं, जास्त फेऱ्यांवर (आरपीएम) मोकळं पळणारं, हडसनचं झडपा बाजूला असलेल्या जुन्या साइड व्हॉल्व्ह पद्धतीचं. ब्रेक मात्र दोघींना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेकच, जे सतत वापरले की तापून कमजोर पडतात, म्हणजे १०० मैल ते तापू न देता सांभाळणं हे केलरचं काम, हे लेखात नक्की घ्या.

फोटोंचं म्हणाल तर आधी लिंडेनच्या पब्लिक लायब्ररीत विचारा, स्थानिक पेपरांचे १४ जूनच्या आसपासचे अंक मायक्रोफिल्मवर आहेत का ते. ज्या पेपरात फोटो सापडेल त्याच्याकडे किंवा आता ज्याच्याकडे त्याचे हक्क असतील त्याच्याकडे ईमेलने लेखी परवानगी मागा, अंक फुकट वाटणार असाल तर ते पहिल्याच ओळीत लिहा. नेटवरून उचलून छापू नका, मंडळ अडचणीत येईल.